टाकळझरीची शीव

११ सप्टेंबर २०१७, सोमवार

मॅडमनं नकाशा फाडला. माझ्यासमोर, अमरसमोर, चहा घेऊन आलेल्या बाईसमोर. चार तुकडे केले आणि माझ्याच हातात दिले. "जोड आता. जोडता येतं ना तुला?"

चूक एवढीच की शेजारची गावं मी अंदाजानं रंगवली. त्यांनी विचारलं, "बोरधऱ्याच्या शेजारी किती गावं?" मी म्हटलं, पाच-सहा. "पाच की सहा? भाजी घेतेयस का?"

समीक्षा मॅडम ओरडतात तेव्हा नाही, हसतात तेव्हा भीती वाटते.

काम असं आहे. कपाशीवर फवारणी करताना विषबाधा झालेले तीन किंवा जास्त पेशंट ज्या गावांत निघाले, अशी अकरा गावं. त्या अकरांत आणि त्यांच्या शेजारच्या गावांत आमच्या संस्थेची गाडी जाणार — डॉक्टर, नर्स, रक्ततपासणी, हातमोजे, चष्मे, आणि कुठलं औषध कशात मिसळायचं नाही हे सांगणारा माणूस. गाड्या दोनच. हंगाम संपायच्या आत चाळीस गावं होतील, एकही जास्त नाही. म्हणून आधी ठरवायचं — शेजारी म्हणायचं कोणाला? चार पद्धतींनी काढून, तुलना करून टिपण द्यायचं. मुदत शुक्रवार.

शेजारी कोण, हे ठरवायला एम.एस्सी.! आईनं ऐकलं तर हसेल.

१२ सप्टेंबर

अमर म्हणाला, "मनावर नको घेऊ. मागच्या वर्षी माझा माऊस खिडकीबाहेर फेकला होता." दोन वर्षं शेजारच्या टेबलावर बसतो. असलं सांगताना त्याचा चेहरा खुलतो.

१३ सप्टेंबर, बुधवार

बुद्धिबळाचा पट डोळ्यांपुढे ठेवला की सोपं जातं.

पहिली पद्धत हत्तीची. हत्ती सरळच चालतो. दोन गावांची शीव थोडी तरी लांब एकमेकींना लागून गेली, तरच शेजारी. दुसरी वजिराची. वजीर तिरकाही जातो — म्हणजे नुसतं टोकाला टोक लागलं तरी शेजारी. तिसरी अंतराची. एका गावाच्या मध्यापासून दुसऱ्याचा मध्य पाच किलोमीटरच्या आत हवा, शीव लागो न लागो. चौथी — प्रत्येक गावाचे सगळ्यांत जवळचे चार. मोजून चार.

प्रत्येकीत खोड आहे. अंतराच्या पद्धतीत जंगलाकडची मोठी गावं मरतात. शीवेला शीव लागलेली, पण मध्य लांब, म्हणून शेजारी शून्य! नदीकाठची छोटी गावं मात्र एकेकाला बारा-बारा शेजारी घेऊन बसतात. चौथीची खोड वेगळी. ती एकतर्फी आहे. मी ज्याला जवळचा म्हणते, त्याला माझ्याहून जवळचे चार असतील तर मी त्याची कोणीच नाही.

हे मॅडमला सांगत होते. त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "म्हणजे दीपाच्या यादीत अमर आहे, पण अमरच्या यादीत दीपा नाही. असंच ना?"

सगळे हसले. अमरसुद्धा. आणि मी पण हसले. त्याचा राग जास्त आला.

१५ सप्टेंबर, शुक्रवार

आकडे आले. हत्ती — अडतीस गावं. वजीर — शेहेचाळीस. अंतर — एकावन्न. जवळचे चार — त्रेचाळीस.

चाळीसच्या आत फक्त हत्ती बसतो.

हत्ती आणि वजिरात आठ गावांचा फरक. ती आठ एकेक करून वाचली. सहावं टाकळझरी. साधनाताईचं, माझ्या बहिणीचं गाव.

नकाशात बोरधरा आणि टाकळझरी पटावरच्या दोन काळ्या घरांसारखी आहेत — टोकाला टोक. मध्ये दुसरी दोन गावं आडवी. बोरधऱ्यात नऊ पेशंट, सगळ्या यादीत जास्त. टाकळझरीत अजून एकही नाही.

संध्याकाळी ताईचा फोन. "तुमची ते गाडी आमच्याइकडं येते का वं? याईचे डोये लाल होऊन राह्यले. पऱ्हाटी डोक्याच्या वर गेली औंदा. वरतं फवारलं का सारं तोंडावरच येते."

"मंग काहून जाऊ देतं भाऊजीले?"

"मारोतरावच्या वावरातली अर्धी फवारनी बाकी हाय. मधात सोडून कसे येतीन?"

धर्मपाल भाऊजी मारोतरावांकडे तीन वर्षं फवारणीला जातात. ताई पंप भरून देते. म्हटलं, बघते. गाडीचं बघते.

१८ सप्टेंबर, सोमवार

बैठक. नागपूरच्या मुख्य ऑफिसातून दोघं आले होते.

मी वजिराची बाजू मांडली. नीट मांडली. फवारणीवाले मजूर शीव बघून काम धरत नाहीत, जिथं बोलावणं येतं तिथं जातात. टोकावरच्या गावचा माणूसही बोरधऱ्यात जातो, तेच औषध तिकडे नेतो. गावागणिक पूर्ण दिवसाऐवजी मोठ्या गावांना दिवस, छोट्यांना अर्धा दिवस दिला तर शेहेचाळीस बसतात. वेळापत्रकसुद्धा करून नेलं होतं!

नागपूरचे साहेब मान हलवत होते. तेवढ्यात मॅडमनं पेन खाली ठेवलं. "टाकळझरीत तुझं कोण राहतं गं?"

अमर टेबलाकडे बघत होता. त्यानंच सांगितलं असणार. दुसऱ्या कोणाला माहीतच नाही.

"बहीण."

"बघा. वजीर तिरका का चालला ते कळलं."

हसू. नागपूरचे साहेबही. माझं वेळापत्रक त्यांनी उलटं करून ठेवलं आणि त्यावर चहाचा कप ठेवला.

मग मॅडम म्हणाल्या, "मी काही ठरवत नाही. दीपानं केलंय, दीपाच लिहील. कुठली पद्धत, का. सही तिची." आणि बाहेर पडताना, फक्त मला — "तुझं कंत्राट ऑक्टोबरमध्येच संपतंय ना?"

बस. एवढंच. धमकी नव्हतीच म्हणा. तारीख विचारली.

मी हत्ती लिहिला.

कारण असं लिहिलं — "केवळ टोकाला स्पर्श करणाऱ्या गावांमध्ये प्रत्यक्ष वहिवाट नसते." सकाळी याच्या बरोबर उलटं बोलले होते. मॅडमनं वाचलं. "वाक्य छान आहे."

मला बरं वाटलं. हेही लिहून ठेवते. बरं वाटलं.

१९ सप्टेंबर

यादी गेली. अडतीस.

२४ सप्टेंबर, रविवार

टाकळझरीला गेले. नेरहून बस, फाट्यावरून पायी. ताईच्या हातांची नखं पिवळी झालीत. भाकर करताना बघितलं. म्हटलं, साबणानं धुतलेस का? "तीनदा धुतले. जात नाई थो वास."

भाऊजींना सांगावंच लागलं. अंगणात काडीनं चौकोन काढले. हे बोरधरा, हे तुमचं. हत्ती असा जातो, वजीर असा. ते उकिडवे बसून लक्ष देऊन ऐकत होते. डोळे लाल, पाणी गळत होतं, शेल्याच्या टोकानं टिपत होते.

"म्हंजे आमचं टोकच लागते," ते म्हणाले. "रुसलेल्या नवरा-बायकोचं खाटेवर कसं टाचेले टाच लागते, तसं."

स्वतःच हसले. खोकला आला.

ताई हसली नाही. "हे कोनं ठरवलं? तू ठरवलं?"

"मी कायले ठरवीन! मॅडमनं. मी तं भांडली तुमच्यासाठी."

खोटं बोलायला किती कमी वेळ लागतो. भांडले तेही खरं होतं म्हणा. अर्धं.

निघताना ताईनं बरबटीच्या शेंगा दिल्या. चष्मा आणि हातमोज्यांचा एक जोड ऑफिसातून आणता आला असता. आठवलं नाही. आठवलं होतं. मॅडमनं पिशवी तपासली असती म्हणून आणला नाही.

३० सप्टेंबर

आज दसरा, धम्मचक्र प्रवर्तन दिन. विहारात गेले. सगळीकडे पांढरे कपडे, निळे झेंडे. ताईनं फोन उचलला नाही. वावरात असेल. आजच्या दिवशीसुद्धा!

३ ऑक्टोबर, मंगळवार

टाकळझरीच्या कोतवालाचा फोन ऑफिसात आला. उकंडाकाका. "धरमपालले यवतमाळच्या दवाखान्यात आनलं. तू जाय पयले."

काल दिवसभर फवारलं. दोन औषधं एकत्र. वारा समोरून. सायंकाळी घरी येऊन ओकाऱ्या, घाम, हात कापतात. ताईला वाटलं ऊन लागलं. कांद्याचा रस पाजला, पाठीला लावला. सकाळी उठवलं तर डोळ्यांना दिसेना.

ताईला फवारणीचा घाम आणि उन्हाचा घाम वेगळा असतो हे कोणी सांगितलं नव्हतं. ते सांगणारा माणूस आमच्या गाडीत बसतो.

५ ऑक्टोबर

भाऊजींच्या डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्यात. मी जवळ गेले. "कोन हाय?" "मी. दीपा." मग म्हणाले, "दीपा, हत्ती आला का?"

चेष्टा केली की भ्रमात होते, कळलं नाही. नर्सनं मला बाहेर काढलं.

टाकळझरीचे आणखी तिघं त्याच वॉर्डात. सगळे मारोतरावांच्याच वावरातले. मारोतराव स्वतः दाराशी उभे होते, टोपी हातात घेऊन. दुकानातून जे दिलं ते मी आणलं, मी काय शिकलेला आहे का, असं प्रत्येकाला सांगत होते. कोणी त्यांच्याशी बोलत नव्हतं.

६ ऑक्टोबर

सकाळी साडेदहाला भाऊजी गेले.

९ ऑक्टोबर, सोमवार

ऑफिसला गेले. घरी बसले तर भिंती बोलतात.

मॅडमनं नवा तक्ता पुढे केला. "टाकळझरीत आता चार केसेस. म्हणजे ते बारावं मुख्य गाव. आता कुठल्याही पद्धतीनं यादीत येतं."

मग, साधारण दोन मिनिटांनी — "वाईट झालं."

क्रम हा होता. आधी तक्ता, मग वाईट झालं. मरेपर्यंत लक्षात ठेवीन.

१० ऑक्टोबर

नागपूरला तक्रार लिहिली. पाच पानं. मॅडमनं नकाशा फाडला, अमरचा माऊस फेकला, बैठकीत नात्यावरून हिणवलं, कंत्राटाची भीती घालून माझ्याकडून हवी ती पद्धत लिहून घेतली. "धाक" हा शब्द तीनदा आला, तिन्ही ठिकाणी राहू दिला. "त्या निर्णयामुळे एक माणूस मेला" हे शेवटी, वेगळ्या ओळीत.

लिहून झालं. बऱ्याच दिवसांनी भूक लागली.

अमरकडे गेले. सही कर म्हटलं. तो कागद बघत बसला. मी म्हटलं, "माझ्या बहिणीचं गाव मॅडमला कोणी सांगितलं तेही लिहू का? अजून जागा आहे."

त्यानं सही केली.

१५ ऑक्टोबर, रविवार

भाऊजींचा जलदान विधी. ताई पांढऱ्या साडीत. गाव सगळं आलं होतं. आलेल्या बायकांना ती सांगत होती, "माई बहीन भांडली वो त्याईच्या संग. ते मॅडमच ऐकली नाई. वाटोयं होवो तिचं."

बायका माझ्याकडे मायेनं बघत होत्या. एकीनं डोक्यावरून हात फिरवला. मी फिरवू दिला.

२३ ऑक्टोबर, सोमवार

गाडी टाकळझरीत गेली. मी बरोबर. शाळेच्या व्हरांड्यात टेबलं. ताई रांगेत होती. रक्त काढताना दुसरीकडे बघत राहिली. हातमोज्यांचा जोड घेतला आणि विचारलं, "हे आता मी कोनाले घालू?"

मी यादीत तिच्या नावापुढे खूण केली.

उकंडाकाका रांग लावत होते. काठी, खाकी शर्ट, कोतवालाचा बिल्ला. माझ्याजवळ येऊन म्हणाले, "पोरी, बोरधऱ्यात तं तुमची गाडी दसऱ्याच्या आंधीच येऊन गेली. मंग इथं काहून नाई आली?"

मी तेच सांगितलं. शीव लागत नाही, काका. नुसतं टोक लागतं.

"कोनं सांगतलं? नाल्यानं संगच चालते आपली न् बोरधऱ्याची शीव. माह्या बापानं गोटे रोवले तिथं."

"नकाशात तसं नाही, काका."

"मंग नकाशाले घेऊन ये इकडं."

पाठीमागच्या बायका हसल्या. मी म्हटलं, म्हातारा माणूस आहे. आणि पुढच्या नावाला हाक मारली.

परत आल्यावर नकाशाची फाइल उघडून बघायला हवी होती. उघडली नाही. आळस नव्हे. खुर्चीपर्यंत गेले आणि परत फिरले.

३ नोव्हेंबर, शुक्रवार

मॅडमना काढलं! नागपूरचं पत्र सकाळी आलं. दुपारी त्या सामान न्यायला आल्या. डबा, छत्री, दोन पुस्तकं, मुलीचा फोटो. मुलगी आहे हे मला माहीतही नव्हतं.

कोणी उठलं नाही. कोणी खोकं धरलं नाही. मी मुद्दाम त्यांच्याच टेबलाला टेकून उभी होते — नवीन माणूस येईपर्यंत काम माझ्याकडे आहे. कंत्राटही वाढलं.

म्हटलं, "मॅडम, आता घरी वेळ मिळेल. तुमचे शेजारी कोण कोण, यादी करून देऊ का? की यादीत कोणीच नाही?"

सगळे हसले. सगळ्यांत मोठ्यानं अमर. त्यांचा चेहरा पडलेला मी डोळे भरून बघितला. खोटं कशाला लिहू, गोड लागलं.

त्या खोकं घेऊन दारापर्यंत गेल्या. मग वळल्या.

"मी तुला वाईट वागवलं. ते खरं आहे. पण दीपा, हत्तीची पद्धत चूक नव्हती. महिनाभर मी तेच बघतेय. बोरधऱ्यात रोज जाणारी माणसं टाकळझरीची, औषधाचं दुकान तेच, आणि शीव लागत नाही? असं कसं? मला नाही सापडलं. तुला सापडलं तर कळव."

जाताजाताही शिकवायचं सोडलं नाही, असं मी अमरला म्हटलं.

४ नोव्हेंबर, शनिवार

फाइल उघडली.

या सीमा जूनमध्ये आम्ही दोघांनी गिरवल्या. जुन्या कागदी नकाशांचे स्कॅन संगणकावर ठेवून, एकेका गावाची शीव माऊसनं. अमरकडे दिग्रसची बाजू, माझ्याकडे नेरची. बोरधरा-टाकळझरीच्या नेमक्या मध्यावर कागदाची घडी होती. घडीवर कागद विरलेला, रेषा दिसेना. खाली टीप होती — घडीच्या जागा तलाठ्याकडून तपासून घ्याव्यात. त्या दिवशी काम उरकायचं होतं. एकीकडून रेषा आली, दुसरीकडून आली, मी मध्ये एका बिंदूत चारही गावं बांधून टाकली.

तिथं टोक नव्हतंच. टोक मी केलं.

नाल्याची रेष धरून पुन्हा काढली आणि हत्ती लावला. टाकळझरी आत. एकूण गावं एकोणचाळीस. चाळीसच्या आत! वजीर लागत नव्हता. भांडण लागत नव्हतं. मॅडमच्याच पद्धतीनं गाडी सप्टेंबरात गेली असती.

एवढ्यांदा त्या गावात गेले. कधी शिवेपर्यंत चालत गेले नाही.

५ नोव्हेंबर, रविवार

उकंडाकाकांबरोबर नाल्यावर गेले. अलीकडे टाकळझरी, पलीकडे बोरधरा. सातशे बारा पावलं दोन्ही शिवा संगतीनं चालतात. काका एकेका गोट्याला हात लावून दाखवत होते. मी म्हटलं, बास.

तिथूनच मॅडमना फोन केला. सगळं सांगितलं. त्यांनी ऐकलं आणि एकच विचारलं, "बहिणीला सांगितलंस?"

ताई अंगणात तूर पाखडत होती. सांगितलं. रेषा मी काढली. टिपण मी लिहिलं. मॅडमनं नाही, मी.

तिनं सूप खाली ठेवलं. दाणे नीट एका बाजूला सारले. उठून माझी पिशवी उचलली, दाराशी काढलेल्या माझ्या चपला उचलल्या, आणि रस्त्यापलीकडे नेऊन ठेवल्या. मग आत गेली आणि दार लावून घेतलं.